ताबा

वांद्रे कोर्टासमोर निळ्या ताडपत्रीखाली माझं टेबल.
एक पाय आखूड, त्याखाली
कुणाच्या तरी रद्द झालेल्या मृत्युपत्राची घडी.
पानाला साठ रुपये. चूक माझी, तर फुकट.
तुमची, तर परत साठ.

सरगुरोह चाचा तीन गुरुवार आले.
प्लास्टिकच्या पिशवीत शेअर सर्टिफिकेट, लाइटबिल,
बायकोच्या दफनाची पावती
आणि सुपारीची डबी, तीही कागदपत्रच असल्यासारखी.

पहिल्या गुरुवारी म्हणाले, लिही,
माहीमची खोली झुलेखाला. सगळी.
सात महिने माझं हगणंमुतणं काढलंय तिनं.
तौफिक दम्मामहून फोनवर रडला,
तेही मोजतो मी, पण कमी मोजतो.
वकिलानं वाचलं, पेन उलटं धरून म्हणाला,
चाचा, वसीयत तिसऱ्या हिश्शापुरती,
तीही वारसाला द्यायची तर बाकीच्यांनी हो म्हणायला हवं.
नाहीतर पोराचे दोन, पोरीचा एक.
चाचांनी बोटांवर मोजलं. खोली एकशे ऐंशी फूट.
झुलेखाच्या वाट्याला मोरी आणि अर्धा ओटा.

दुसऱ्या गुरुवारी सोसायटीचा फॉर्म.
नॉमिनी : झुलेखा.
वकील म्हणाला, नॉमिनी म्हणजे राखणदार,
चावी सांभाळायची, मालकी नाही.
चाचा म्हणाले, मग नवीन काय झालं?

राहिला हिबा.
जिवंतपणी द्या, आजच द्या,
पण नुसतं कागदावर चालत नाही, ताबा द्यावा लागतो.
द्यायचं म्हणजे सोडायचं.

सोडायचं मला नवं नाही. आठवड्याला चार हक्कसोड.
बहिणी ठेवणीतली साडी नेसून येतात,
भाऊ त्या दिवशी खुर्ची पुसून देतो, स्पेशल चहा सांगतो.
'मी राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय'
मी डोळे मिटून टाइप करते.
एकदा खाली नावही माझंच होतं,
टिटवाळ्याच्या घरासाठी.
अख्ख्या पानात एक चूक नव्हती.

तिसऱ्या गुरुवारी चाचा डबी उघडत राहिले, मिटत राहिले.
मग म्हणाले, खोली मुळात अब्बांची.
रुकय्या माझी बहीण. कुराणात तिचा हिस्सा आहे,
पण आमच्यात रिवाज होता,
बहिणीनं मागितलं की माहेर तुटतं.
एकोणऐंशी साली तिचा अंगठा मीच धरून टेकवला,
शाई पुसायला रुमालही माझाच.

चालतं, वकील म्हणाला, कायद्यानं केव्हाच मिटलंय.
मी कायद्याचं विचारत नाही.
मग मौलवींना विचारा.
तेही नाही.

पुढे कोणाला विचारायचं हे कुणी सांगितलं नाही.
मी कागद बदलला.

रुकय्याचं आधी काढ, ते माझं नव्हतंच, चाचा म्हणाले.
साठ फूट. तीच मोरी, तोच अर्धा ओटा.
उरलेलं झुलेखाला.
तौफिकला माझं घड्याळ. फोन मीच करेन.

शुक्रवारी साक्षीदार म्हणून मीही गेले.
झुलेखा म्हणाली, अब्बा, असं घराबाहेर जायची गरज नाही,
वकील म्हणाला तसं, आपण एकत्रच राहतो.
चाचांनी ऐकलं नाही.
छत्री, डबी, एक जोड कपडे घेऊन
जिना उतरले, अत्तरवाल्याच्या फळीला टेकून उभे राहिले.
मुंब्र्याहून रुकय्या आली.
त्यांना तिनं ओळखलं की नाही, कळलं नाही.
कठडा धरत वर चढली,
आणि आत जाऊन दोघींनी दार लावलं.

वीस मिनिटं झाली असतील.
अत्तरवाल्यानं चाचांना स्टूल दिलं, ते बसले नाहीत.

मग ते सावकाश वर आले. चपला बाहेर काढल्या,
आणि बहात्तर वर्षांत पहिल्यांदा
त्या दारावर टकटक केली.

आतून रुकय्याचा आवाज :
कोण?

चाचांना पटकन काही सुचेना.